लिस्टने खोडलेले स्वर

पियानोवरची अवघड रचना हातात बसवणे म्हणजे काय, या प्रश्नाची गेल्या दोनशे वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली गेली. बोटे बळकट करा, मनगट सैल सोडा, वेग वाढवा, एकही स्वर चुकू देऊ नका. प्रत्येक पिढीला आपले उत्तर अखेरचे वाटले. एक उत्तर मात्र खुद्द रचनाकाराने छापील स्वरूपात देऊन ठेवले आहे आणि वाजवणाऱ्यांचे सर्वांत कमी लक्ष त्याकडेच गेले. फ्रान्झ लिस्टची ‘ला काम्पानेल्ला’ ही पियानोवरच्या सर्वांत प्रसिद्ध कसरतींपैकी एक. लिस्टने ती तीनदा लिहिली : १८३२च्या सुमारास, मग १८३८मध्ये आणि शेवटी १८५१मध्ये. आज जगभर वाजते ती तिसरी. आधीच्या दोन शेजारी ठेवून तिसरी वाचली की लक्षात येते, या वीसेक वर्षांत लिस्टने तिच्यात घातले थोडे आणि काढले पुष्कळ.

मूळ सामग्री व्हायोलिनची. जेनोआच्या निकोलो पागानिनीने १८२६मध्ये आपला दुसरा व्हायोलिन कन्चेर्टो लिहिला, बी मायनरमध्ये. त्याच्या शेवटच्या भागात वाद्यवृंदात एक लहानशी घंटी आहे. मुख्य धून परत यायची झाली की आधी ती किणकिणते आणि व्हायोलिन तिला वरच्या सप्तकातून उत्तर देते. या घंटीवरूनच त्या भागाला ‘ला काम्पानेल्ला’ हे नाव पडले. १८३१च्या मार्चमध्ये पागानिनीने पॅरिसला आपली पहिली मैफल केली आणि शहर वेडे झाले. पुढच्या वर्षी तिथे कॉलराने थैमान घातले, त्यात अठरा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या एप्रिलमध्ये साथग्रस्तांच्या मदतीसाठी पागानिनी वाजवायला उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांत वीस वर्षांचा लिस्ट होता.

लिस्ट तेव्हा अगदीच अनोळखी नव्हता. व्हिएन्नात चेर्नीकडे, म्हणजे बेथोव्हनच्या शिष्याकडे, तो शिकला होता. लहानपणी ‘अद्भुत बालक’ म्हणून गाजला होता. वडील वारल्यानंतर मात्र तो पॅरिसमध्ये शिकवण्या करून घर चालवत होता आणि स्वतःच्या वादनाबद्दल पुरता उदासीन झाला होता. पागानिनीने ती उदासी झटकून टाकली. मे १८३२च्या आरंभी जिनिव्हाचा आपला शिष्य पिएर वोल्फ याला लिहिलेल्या पत्रात लिस्ट दिवसाकाठी चार-पाच तास नुसते हातांचे व्यायाम करत असल्याचे सांगतो : दुहेरी स्वरांच्या माळा, सप्तकांच्या जोड्या, कंप, एकाच पट्टीवरचे पुनःपुन्हा आघात. लिस्टच्या प्रत्येक चरित्रात हा मजकूर येतो. त्याच पत्रात होमर, बायबल, प्लेटो, लॉक, बायरन यांचीही नावे आहेत, आणि बेथोव्हन, बाख, मोझार्टचीही. हात घासणे आणि वाचणे या दोन गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या. पुढे शिक्षकांनी मुलांना त्यातले चार-पाच तास तेवढे ऐकवले.

त्या उन्हाळ्यातल्या झपाटलेपणाचे फळ म्हणजे घंटीच्या धूनेवरची भलीमोठी ‘फँटसी’. ती १८३४मध्ये छापली गेली. वाजायला पंधरा मिनिटांच्या घरात. लांबलचक प्रस्तावना, धून, तिच्यावर चढत जाणारी रूपे, मग आणखी रूपे. विशीतल्या मुलाने जे जे शक्य आहे ते सगळे एकदम करून पाहिलेले आहे. आजही ती क्वचित कोणी वाजवते, आणि ऐकताना अचंबा वाटतो, पण फिरून ऐकावीशी वाटत नाही. निदान मला वाटलेली नाही.

या झपाटलेपणाला यंत्राची साथ होती, हे विसरून चालणार नाही. जुन्या पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटून खाली यायची, आणि पट्टी पुरती वर आल्याशिवाय दुसरा आघात करता यायचा नाही. एरार कंपनीने १८२१मध्ये एक नवी रचना पेटंट केली. तीत हातोडी पूर्ण खाली न पडता अर्ध्या वाटेवर अडते आणि पट्टी थोडी उचलली तरी पुन्हा तारेवर झेपावते. एकच स्वर झपाट्याने टणटण वाजवायचा तर हे हवेच. लिस्ट १८२३मध्ये पॅरिसला आला तेव्हापासून एरार कुटुंबाने त्याला आपले पियानो पुरवले होते. पागानिनीची घंटी पियानोवर आणण्याची कल्पना सुचली ती अशा हाताला, ज्याच्याखाली ही यंत्रणा आठ-नऊ वर्षे होती. प्रतिभेची गोष्ट सांगताना सुताराची आणि लोहाराची गोष्ट गाळायची आपली सवय जुनी आहे.

त्याच काळात बोटे सुधारण्याची दुसरी यंत्रेही बाजारात होती, आणि ती कमी निरुपद्रवी होती. १८१४मध्ये लोगियर नावाच्या शिक्षकाने ‘कायरोप्लास्ट’ नावाचा सांगाडा काढला. पट्ट्यांसमोर दोन दांड्या आणि त्यांत अडकवलेले मनगट. बोटांखेरीज काहीच हलू नये ही त्यामागची समजूत. पॅरिसचा नामांकित वादक काल्कब्रेनर याने हाताला टेकू देणारी आपली दांडी प्रचारात आणली. १८३१मध्ये शोपँ पॅरिसला आला, तेव्हा याच काल्कब्रेनरने त्याला तीन वर्षे आपल्याकडे शिकायचा सल्ला दिला. शोपँने मानाने ऐकून घेतले आणि नकार दिला. लायप्झिगमध्ये रोबर्ट शुमान याचा उजवा हात याच सुमारास निकामी होत गेला. कारण काय यावर अजून वाद आहे, पण बोट ताणण्यासाठी तो एक उपकरण वापरत होता हे नक्की. त्याची वादक म्हणून वाटचाल तिथेच थांबली. शुमाननेही पागानिनीला १८३०मध्ये फ्रँकफुर्टला ऐकले होते आणि त्याच्या रचनांवर पियानोचे अभ्यास लिहिले होते. एकाच व्हायोलिनवाल्याने दोन तरुणांना झपाटले; एकाचा हात राहिला, दुसऱ्याचा गेला.

१८३८मध्ये लिस्ट घंटीकडे परतला. या वेळी पागानिनीच्या रचनांवरचे सहा अभ्यास त्याने एकत्र केले. व्हिएन्नाच्या हास्लिंगरने ते १८४०मध्ये छापले. अर्पणपत्रिका रोबर्टची पत्नी, पियानोवादक क्लारा शुमान हिच्या नावे. तिसरा अभ्यास घंटीचा. फँटसीपेक्षा तो कितीतरी आटोपशीर आहे, पण आत अजून दाटी आहे. पागानिनीच्या पहिल्या कन्चेर्टोतली एक धूनही लिस्टने त्यात आणून बसवली. दोन्ही हातांत भरगच्च स्वरसमूह आहेत आणि कुठेही पोकळी राहू द्यायची नाही अशी जणू शपथ घेतलेली दिसते. रोबर्ट शुमानने आपल्या नियतकालिकात या संग्रहाबद्दल लिहिताना हे पेलणारे वादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील, असे मत दिले होते. कौतुक होतेच, आणि थोडा इशाराही.

नंतरची सात-आठ वर्षे लिस्ट गावोगाव वाजवत फिरला. जून १८४०मध्ये लंडनला त्याच्या कार्यक्रमाची जाहिरात ‘रिसायटल’ या नावाने झाली आणि एकट्या पियानोवादकाच्या मैफलीला तेच नाव चिकटले. १८४१-४२च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये त्याने दहा आठवड्यांत एकवीस मैफली केल्या. बायका त्याचे हातमोजे, पियानोच्या तुटलेल्या तारा जपून ठेवत. कवी हाइनेने या सगळ्याला ‘लिस्टोमेनिया’ म्हटले. अशा दिवसांत दाटी हवीच असते. सभागृह मोठे, वाद्य अजून लाकडी चौकटीचे किंवा अर्धवट लोखंडी, आणि मागच्या रांगेतल्या माणसाला थक्क करायचे असते.

सप्टेंबर १८४७मध्ये आजच्या युक्रेनमधल्या येलिसावेतग्राद या गावी लिस्टने पैसे घेऊन वाजवणे थांबवले. वय पस्तीस. पुढच्या वर्षी तो वायमारच्या दरबारी संगीतप्रमुख म्हणून स्थिरावला आणि त्याने जुनी बाडे उघडली. त्याच काळात त्याने आपले बारा मोठे ‘ट्रान्सेंडेंटल’ अभ्यासही सुधारले आणि तेही हलके केले. पागानिनी-अभ्यासांची नवी आवृत्ती १८५१मध्ये लायप्झिगच्या ब्राइटकोफ उंड हेर्टेलने छापली; अर्पण पुन्हा क्लारालाच. चौथा अभ्यास तर त्याने इतका सोलून काढला की दोन्ही हातांचे स्वर व्हायोलिनसारखे एकाच स्टाफवर मावले. घंटीच्या अभ्यासातून पहिल्या कन्चेर्टोची धून गेली, जाड स्वरसमूह गेले, डाव्या हाताची साथ बारीक झाली. उरली ती वर घंटी, मध्ये धून आणि त्यांच्यामधली मोकळी जागा.

लिस्टने हे का केले? नेहमीचे स्पष्टीकरण असे की सामान्य वादकांना झेपावे म्हणून. मला ते पटत नाही. १८५१च्या प्रतीतल्या उड्या पाहिल्या तर त्या सामान्यांना झेपणाऱ्या नाहीत. पियानो बदलत होता हे एक कारण : चौकटीत लोखंड वाढले, तारा ताणल्या गेल्या, पट्टी खोल आणि जड झाली. १८३८ची दाटी अशा वाद्यावर नुसती गर्जना झाली असती. दुसरे कारण अधिक मोलाचे. वायमारला लिस्टच्या हाताखाली वाद्यवृंद होता. रोज निरनिराळ्या वाद्यांचे रंग कानांवर पडत होते. एका बासरीला जे एका स्वरात जमते त्यासाठी पियानोवर दहा बोटे खर्चायची गरज नाही, हे रंगमंचावरून उतरल्यावरच कळते. आणि लिस्टला आता कोणाला थक्क करायचे उरले नव्हते.

या तिसऱ्या प्रतीतली एक जागा जवळून पाहू. पागानिनीची घंटी एफ शार्पवर होती, म्हणजे आपल्या हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत काळी तीन. लिस्टच्या पहिल्या फँटसीत ती ए मायनरच्या हिशेबाने पांढरी तीनवर आली. १८३८पासून ती काळी दोनवर आहे आणि तिथेच राहिली. (१८३८ला सात कोमल चिन्हांनी लिहिलेली सुरावट १८५१ला पाच तीव्र चिन्हांनी लिहिली, एवढाच कागदावरचा फरक, बोटांखालच्या पट्ट्या त्याच.) काळी पट्टी उंच असते, वरून येणाऱ्या करंगळीला ती लवकर भेटते. पण ती अरुंदही असते, पांढरीच्या निम्म्याहून कमी रुंद. उजव्या हाताने मध्ये धूनेचा स्वर वाजवायचा आणि पुढच्याच क्षणी दूर वरच्या काळी दोनला शिवून परत यायचे. सुरुवातीलाच दोन सप्तकांच्या उड्या येतात. तिसाव्या आणि बत्तिसाव्या मात्रागटांत त्या आणखी एका स्वराने लांबतात. दोन सप्तके म्हणजे तेहतीस सेंटिमीटर, शाळेतल्या फूटपट्टीहून जास्त. ते अंतर तोडायला मिळतो सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा.

बहुतेक विद्यार्थी वर जाणारी उडी घोकतात, कारण भीती तिची वाटते. पण वरची घंटी बहुतेक वेळ एकाच जागी असते. दर वेळी बदलतो तो खालचा स्वर, म्हणजे परतीचा मुक्काम. त्यामुळे हात बिघडतो तो उतरताना. जाणते शिक्षक म्हणूनच उडी मारून थांबायला लावतात : हात योग्य पट्टीवर नेऊन ठेवायचा, वाजवायचा नाही, श्वास सोडायचा आणि मग दाबायची. दहा वेळा असे केले की खांदा आपोआप खाली येतो. मोठी उडी बोटाने मारली जात नाही. कोपर आधी निघते, पंजा त्याच्यामागून जातो, आणि करंगळी शेवटी, जवळजवळ निष्काळजीपणे, पट्टीवर पडते. स्नायू आवळला की नेम चुकलाच.

इथवर जमले की खरी अडचण सुरू होते. लांबून येणारी करंगळी जोरात आदळते, घंटी ठणठणते आणि धून तिच्याखाली बुजते. ऐकणाऱ्याला उड्या ऐकू येतात, पागानिनी ऐकू येत नाही. व्हायोलिनवर ही धून काहीशी खट्याळ, नाचरी आहे. तिला मध्ये मध्ये थबकणे आवडते. पियानोवर तिला तसे ठेवायचे तर घंटी धूनेहून हळू वाजली पाहिजे, आणि दुरून येणारे बोट हळू पडणे हे जोरात पडण्याहून दसपट कठीण. लिस्टने इतके सगळे काढून टाकले ते बहुधा यासाठीच. दाटीत करंगळीचा आघात लपतो, मोकळ्या जागेत लपायला काहीच नाही.

वेगाचीही तीच गत. कागदावर लिस्टने ‘अलेग्रेत्तो’ लिहिले आहे, म्हणजे जरा लगबगीची चाल, धावपळ नव्हे. वेग वाढवायच्या सूचना शेवटाकडे येतात. सुरुवातच भरधाव केली तर त्या सूचनांना वावच राहत नाही. मधल्या भागात चौथ्या आणि पाचव्या बोटांनी घ्यायची लांब ‘ट्रिल’ आहे, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याने आलटपालट. हाताची सर्वांत दुबळी जोडी आणि तिच्यावर सर्वांत नाजूक काम. तिथे थकलेला हात पोचला की ट्रिल खडखडते. ती नुसती अधिक घोकून सुधारत नाही. तिच्याआधीच्या पानावर किती शक्ती खर्चली त्याचा हिशेब आधी घ्यावा लागतो.

विसाव्या शतकाने या हिशेबाचे शास्त्र केले. १९०५मध्ये जर्मनीत ब्राइटहाउप्टने नुसत्या बोटांऐवजी साऱ्या हाताच्या वजनाने वाजवण्याचा सिद्धान्त मांडला आणि कायरोप्लास्टच्या वंशावळीला ओहोटी लागली. १९२९मध्ये बाल्टिमोरच्या पीबडी संस्थेतल्या ओटो ऑर्टमनने वाजवणाऱ्याच्या स्नायूंची आणि सांध्यांची प्रत्यक्ष मोजमापे छापली. त्यातून दिसले की पूर्ण सैल हाताने कोणीच वाजवत नाही. ताण लागतोच, प्रश्न असतो तो सोडायचा केव्हा. गंमत अशी की हे शास्त्र शहाणे होत होते नेमके त्याच काळात एका वेगळ्या यंत्राने सारे गणित उलटे फिरवले.

ते यंत्र म्हणजे ध्वनिमुद्रण. पाडेरेव्स्कीने, इग्नात्स फ्रीडमनने ‘काम्पानेल्ला’ जुन्या तबकड्यांवर वाजवली आहे. त्या तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटे मावत, आणि ही रचना निवांत वाजवली तर जवळपास पाच मिनिटांची. म्हणजे घाई ही आधी तबकडीची गरज होती, नंतर ती शैली ठरली. तरी त्या काळच्या वादकांच्या चुका तबकडीवर तशाच राहत आणि लोकांना त्या खटकत नसत. १९४०च्या दशकाच्या अखेरीस चुंबकीय फीत आली. फितीचा तुकडा कापून दुसरा जोडता येऊ लागला आणि कोणत्याच हाताने सलग कधी न वाजवलेली बिनचूक ‘काम्पानेल्ला’ घराघरांत पोचली. श्रोत्यांना तीच खरी वाटू लागली. त्याच सुमारास स्पर्धांचे पीक आले : वॉर्साची शोपँ स्पर्धा १९२७पासून होती, मॉस्कोची चायकोव्स्की स्पर्धा १९५८मध्ये सुरू झाली. परीक्षकांमध्ये मतभेद झाले की चुकलेले स्वर मोजणे सोपे पडते. त्यावर भांडण होत नाही.

बिनचूकपणा म्हणजेच परिष्कार ही समजूत अशी जेमतेम पाऊणशे वर्षांची आहे. ती संगीतातून आली नाही, फीत आणि गुणपत्रिका यांतून आली. तिचे फायदे मी नाकारत नाही. आज विशीतले वादक जे सहज वाजवतात ते त्या काळी शुमानला मोजक्यांनाच शक्य वाटले होते. पण सगळ्यांच्या वादनाला सारखीच चकाकी आलेली आहे, आणि डोळे मिटून ऐकले तर कोण वाजवतो आहे हे ओळखणे दिवसेंदिवस कठीण होते आहे.

याला एक विलक्षण अपवाद जपानमध्ये घडला. फुजिको हेमिंग ही बर्लिनमध्ये जन्मलेली, जपानी आई आणि स्वीडिश वडील यांची मुलगी. सोळाव्या वर्षी एका कानाने ऐकू येईनासे झाले. पुढे व्हिएन्नातल्या महत्त्वाच्या मैफलीच्या तोंडावर आजारपणात दुसऱ्या कानाची शक्तीही गेली, आणि ती पुढे थोडीच परत आली. तिने युरोपात शिकवण्या करून दिवस काढले. १९९९च्या फेब्रुवारीत जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने तिच्यावर माहितीपट दाखवला आणि साठी ओलांडलेली ही बाई रातोरात घरोघरी पोचली, ‘काम्पानेल्ला’मुळे. तिचे वादन संथ आहे. त्यात स्वर निसटतात, उड्या कधी कधी चुकतात. चुकले तर चुकले, आपण काही यंत्र नव्हे, अशा अर्थाचे ती बोलतही असे. स्पर्धेत ती पहिल्या फेरीत बाद झाली असती. २०२४मध्ये ती वारली, तेव्हापर्यंत तिच्या मैफलींची तिकिटे लोक धडपडून मिळवत होते.

व्यावसायिक टीकाकारांनी तिची लोकप्रियता तिच्या दुःखद कहाणीच्या खाती टाकली. त्यात तथ्य आहे. तिचे सगळे वादन मलाही आवडत नाही. काही जागी संथपणा ही निवड नसून नाइलाज आहे हे ऐकू येते. पण घंटी मागे आणि धून पुढे हे जे नाते १८५१च्या कागदावर आहे, ते तिच्या हातात टिकून आहे आणि कित्येक पदकविजेत्यांच्या हातात ते नाही. जपानच्या सागा भागातल्या समुद्रशैवाल पिकवणाऱ्या एका मच्छीमाराने तिचे वादन ऐकून पन्नाशीनंतर, पियानोचा गंध नसताना, ही एकच रचना शिकायला घेतली आणि वर्षानुवर्षे रोज तासन्‌तास बसून ती हातात आणली. त्याच्यावर पुढे चित्रपट निघाला. माणसाला स्वरलेखन वाचता येत नव्हते. तो एक एक पट्टी लक्षात ठेवत गेला.

आपल्याकडे, मुंबई-पुण्यात आणि गोव्यात, पियानो शिकणारी बहुसंख्य मुले लंडनच्या मंडळांच्या श्रेणी-परीक्षा देतात. पद्धत ठरलेली : वर्षाला तीन-चार रचना, त्या घोटायच्या, परीक्षकासमोर वाजवायच्या, आणि पुढच्या श्रेणीची पुस्तके आली की आधीची कपाटात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पियानोतले लाकूड आणि नमदा फुगतो, पट्ट्या जड होतात, आणि ज्या एरारच्या युक्तीवर ‘काम्पानेल्ला’चे टणटणणारे स्वर उभे आहेत ती युक्तीच नीट चालत नाही. तेव्हा मूल हात आवळून जोर लावते, आणि लागलेली सवय ऑक्टोबरात हवा कोरडी झाली तरी सुटत नाही. पावसाळ्यात वाद्य जुळवून घेणारा माणूस बोलवावा, यासाठी पालकांची समजूत घालणे हे शिक्षकाचे कामच म्हणावे लागेल.

पण वाद्यापेक्षा पद्धतीचा प्रश्न मोठा. लिस्टने १८३२ची घंटी १८३८ला पुन्हा हाती घेतली, मग तेरा वर्षांनी पुन्हा. प्रत्येक वेळी मधली वर्षे तो दुसरे काही करत होता : वाजवत फिरत होता, मग वाद्यवृंद चालवत होता. परत आल्यावर त्याला कळले की आधीचे काय अनावश्यक होते. एकच राग वर्षानुवर्षे गाण्याची पद्धत असलेल्या मुलखात हे समजायला अवघड जाऊ नये. तरी पियानोच्या वर्गात एकदा वाजवून झालेली रचना म्हणजे पास झालेला विषय. एखाद्या मुलाने तिसऱ्या श्रेणीची रचना सातव्या श्रेणीत पुन्हा काढली तर त्याला गुण कुठे देणार? अशा चौकटीत परिष्कार म्हणजे फार तर चुका कमी करणे. आपण काय जास्त करतो आहोत हे त्या मुलाला कधी कळतच नाही, कारण कळायच्या आत पुस्तक बदललेले असते.

अलीकडे काही तरुण वादक मुद्दाम १८३८ची प्रत वाजवतात, कारण ती अधिक अवघड आहे आणि तिचे ध्वनिमुद्रण कमी लोकांकडे आहे. वाजवावी, जरूर वाजवावी. लिस्टने पुढे कशाला हात लावला नाही आणि कशावर काट मारली, हे त्यातून ऐकू येते. मात्र ती जास्त कठीण म्हणून जास्त खरी, हे म्हणणे लिस्टच्याच निकालाविरुद्ध अपील आहे. ज्याला स्वतः तुलना करायची त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या लेस्ली हॉवर्डने लिस्टचे सारे पियानो-संगीत ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे, तिन्ही घंटींसकट. आधी १८३२ची फँटसी, मग १८३८चा अभ्यास, मग १८५१चा, याच क्रमाने लावावेत. तिसऱ्याला पोचल्यावर लक्ष उजव्या हाताच्या उड्यांवर न ठेवता डाव्या हातावर ठेवावे. तो किती कमी वाजवतो, आणि तरी आधीच्या दोन्हींपेक्षा ताल किती घट्ट धरतो, ते तिथे ऐकू येईल.